पॅरलॅक्सला ‘दृष्टिभेद’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: चालत्या कॅमेऱ्यांच्या भूमितीवर मराठीत लिहिताना ‘पॅरलॅक्स’ (बघणाऱ्याच्या जागेमुळे वस्तू सरकल्यासारखी दिसणे) आणि ‘डिस्पॅरिटी’ (दोन चित्रांत एकाच बिंदूच्या जागेतला फरक) या दोन्हींना ‘दृष्टिभेद’ चालेल का?

नको. दृष्टिभेद म्हटले की वाचक मतभेदाकडे वळतो. पॅरलॅक्ससाठी मराठी विश्वकोशातला ‘पराशय’ घ्यावा. ‘लंबन’ जुना खरा, पण सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात तो सूर्यग्रहणाच्या गणितातला, क्रांतिवृत्ताच्या (आकाशातल्या सूर्याच्या वाटेच्या) दिशेपुरता. त्याला काटकोनातला भाग म्हणजे ‘नति’.

पराशय म्हणजे बघणाऱ्याची जागा बदलल्यामुळे वस्तू सरकल्यासारखी दिसणे. वस्तू स्वतःच सरकली तर तो पराशय नव्हे. कॅमेरा भिंगाच्या केंद्राभोवती नुसता वळवला तरी चित्र सरकते, पण पराशय शून्य. म्हणून तर पॅनोरामाचे तुकडे नीट जुळतात. चित्रातल्या एकूण सरकण्याला ‘विस्थापन’ म्हणावे. (धरणग्रस्त आठवतात, पण शाळेच्या विज्ञानात शब्द मुरलेला आहे.) डिस्पॅरिटी मात्र तशीच ठेवावी. ‘असमानता’ लिहिले तर लेख अर्थशास्त्राचा वाटेल.

डिस्पॅरिटी म्हणजे दोन चित्रांत एकाच बिंदूच्या जागेतला पिक्सेलमधला फरक. नाभीय अंतर (भिंगापासून चित्रापर्यंतचे, पिक्सेलमध्ये मोजलेले) 1000 पिक्सेल, कॅमेऱ्यांमधले अंतर 12 सेंमी आणि डिस्पॅरिटी 12 पिक्सेल असेल, तर 1000 × 0.12 ÷ 12, म्हणजे वस्तू 10 मीटरवर. आता दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र 20 मिलिसेकंद उशिरा निघाले आणि ती वस्तू ताशी 36 किमी वेगाने आडवी जाणारी मोटार असली, तर ती तेवढ्यात 20 सेंमी सरकते. चित्रात हे 20 पिक्सेल झाले, खऱ्या पराशयाहून जास्त! एका दिशेने जाताना बेरीज 32 होते आणि मोटार 3.75 मीटरवर आल्यासारखी दिसते. उलट दिशेने उणे 8, म्हणजे उत्तरच निरर्थक. या भेसळीला पराशय म्हटले की चूक शब्दातच दडून जाते.

एकाच चालत्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांत स्थिर बिंदू आपल्या एपिपोलर रेषेवरच (कॅमेऱ्याच्या चालीवरून दुसऱ्या चित्रात ठरणाऱ्या, त्या बिंदूच्या शक्य जागांच्या रेषेवर) सापडतो. रेषा सोडली तर तो स्वतः हलला, हे नक्की. उलटे मात्र खरे नाही. शेजारच्या रुळावरून आपल्याच वेगाने, त्याच दिशेने धावणारी लोकल खिडकीत थांबलेली दिसते: विस्थापन शून्य, रेषेचा नियमही पाळलेला, आणि सूत्र तिला अनंत अंतरावर ठेवते. पराशय होता, पण लोकलच्या स्वतःच्या चालीने तो खाऊन टाकला. तिथे एकाच ट्रिगरवर, एकाच क्षणी टिपणारे दोन कॅमेरे लागतात.