टिटवीची अंडी उघड्यावर असून वाचतात कशी? आणि पोपटाची पांढरीच का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. अंड्याचं कवच चुन्याचं, म्हणजे मूळचं पांढरंच. पोपट, घुबड, खंड्या, वेडा राघू ढोलीत नाहीतर बिळात अंडी घालतात. तिथं अंधारात रंग दाखवायचा कुणाला? उघड्यावर घालणाऱ्यांच्या कवचावर पोटातच रंग चढतो. बिलिव्हर्डिन या रंगद्रव्यामुळं निळा-हिरवा, प्रोटोपॉर्फिरिन या दुसऱ्या रंगद्रव्यामुळं तांबूस-तपकिरी. (होला मात्र चार काड्यांच्या घरट्यात दोन पांढरीशुभ्र अंडी घालून मोकळा होतो. त्याला काय म्हणणार!)

आता टिटवी. आमचं शिवार बेळगावजवळ येळ्ळूरला. भातामागचा मसूर-हरभरा निघाला की उन्हाळ्यात रान मोकळं पडतं, आणि तिथंच ही बसते. घरटं कसलं, नुसता उथळ खळगा आणि भोवती चार खडे. आत बहुतेक वेळा चार अंडी, मातकट रंगावर काळे डाग, निमुळती टोकं आत वळलेली, म्हणजे चारही तिच्या पोटाखाली बरोबर मावतात. एकदा चुलतभावाला दोन हातांवरून बोट करून दाखवत होतो, तरी त्याला दिसेनात. "ढेकळंच की रे ती!" म्हणाला. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तेच.

उरलेलं अर्धं तिच्या कष्टात आहे. कडक उन्हात ती पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. हे २८-३० दिवस चालतं. चिमणीचं पिल्लू उघडंनागडं, डोळे मिटलेलं निघतं; टिटवीचं पिल्लू अंग सुकलं की पळायलाच लागतं. एवढी तयारी आतच व्हायची, म्हणून अंडंही तिच्या मानानं मोठं.

रंगाची खरी लबाडी बघायची तर पावशाची. सातभाईची अंडी निळी, तर त्याच्या घरट्यात गुपचूप घातलेलं पावशाचंही निळंच! कोकिळा कावळ्याला फसवते ते तुम्हाला माहीत असेलच.

टिटवीनं उंच बांधावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं जुनी माणसं सांगतात. माझा त्यावर भरवसा नाही. बाबांचा आहे. नांगरणीला खळग्याभोवती ते दोन हात रान सोडायला लावतात. ट्रॅक्टरवाला कुरकुरत वळसा घालतो आणि टिटवी त्याच्याच डोक्यावर घिरट्या घालत ओरडते.