चौथीच्या वर्गात धर्मांची ओळख: श्लोक नको, उपवासापासून सुरू करा

बाई, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मराठी माध्यमाची सरकारी शाळा, चौथीत वारकरी, लिंगायत, जैन, मुसलमान अशा सगळ्या घरांतली मुलं. मूल्यशिक्षणाच्या तासाला धर्म घ्यावा का, हा एक. आणि एसडीएमसीतले (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीतले) काहीजण श्लोक पाठ करून घ्या म्हणतात, त्यांना काय सांगायचं, हा दुसरा.

दुसरा आधी निकालात काढू. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८(१). अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला प्रार्थनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, २८(३). मात्र निरनिराळ्या धर्मांची माहिती देणं यात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलंय. बैठकीत एवढंच सांगा: ओळख करून देणार, पाठांतर आणि पूजा नाही. इतिवृत्तात तसं लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही.

आता खरा प्रश्न. नऊ वर्षांच्या पोराला ‘आत्मा’, ‘एकेश्वर’ यातलं काही कळत नाही. लोक काय करतात, हे मात्र त्याला घरातच दिसतं. म्हणून पहिला धडा उपवासाचा घ्या. शाळा सुरू होऊन थोड्याच दिवसांत आषाढी येते, त्यामुळे विषय आपसूकच निघतो.

आदल्या दिवशी गृहपाठ द्या: घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, उपवास कधी धरता, काय खाता, कशाने सोडता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार रकाने आखा: केव्हा, काय चालतं, काय चालत नाही, कसा सोडतात. ४० मिनिटांच्या तासात २० मिनिटं रकाने भरण्यात जातील, जाऊ द्या. एकादशीला साबुदाणा, वरी, शेंगदाणे, सोडायचा द्वादशीला. श्रावणी सोमवार बऱ्याच घरांत संध्याकाळी सुटतो. मुसलमानांच्या रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही, सोडताना बहुतेक ठिकाणी खजूर. आजारी माणसाला, प्रवाशाला, लहान मुलांना सूट. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दहा दिवस. कुणी एकाशन करतात, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, आणि सूर्यास्तानंतर काही नाही.

इथे एखादा हमखास म्हणतो, ‘पोटभर खिचडी खाल्ली तर उपवास कसला?’ वर्ग हसतो. दटावू नका आणि उत्तरही देऊ नका. ‘तुझ्या आजीला विचार, उद्या सांग’ म्हणा. कुणाचा उपवास कडक, ही तुलना मात्र तिथल्या तिथे थांबवा. नाहीतर मधल्या सुट्टीत त्यावरून भांडणं लागतात.

उरलेल्या वेळात एक प्रश्न घ्या: रमजान कधी पावसाळ्यात, कधी उन्हाळ्यात का येतो? चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. आपल्या पंचांगात तो फरक अधिक महिना घालून भरून काढतात, हिजरी वर्षात तसं करत नाहीत. धर्माच्या तासाला गणित निघालं की पोरं खूश.

चुका बहुतेक तीनच होतात. पहिली, ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं गुळमुळीत बोलणं. समोरच्या फळ्यावरच फरक दिसतोय, पोरांना ते पटत नाही. दुसरी, वर्गातल्या एकुलत्या मुसलमान किंवा जैन पोराला उभं करून ‘तुमच्यात काय असतं?’ विचारणं. ते पोर गप्प होतं, नाहीतर काहीतरी ठोकून देतं. विचारा सगळ्या वर्गाला, हात वर करील त्याने सांगावं. तिसरी, ‘आपण’ आणि ‘ते लोक’. त्याऐवजी ‘वारकरी असं मानतात’, ‘मुसलमान असं मानतात’ अशीच वाक्यरचना ठेवा, स्वतःच्या धर्माबद्दल बोलतानाही. सवय लागायला वेळ लागतो. नमाज किंवा आरतीचा अभिनय करून घेऊ नका, पैगंबरांचं चित्र काढायला सांगू नका.

नंतरचे विषय असेच, महिन्याला एक: बारसं, जत्रा आणि उरूस, दान, प्रार्थनेची जागा. बसवजयंती अक्षय्य तृतीयेला येते, तेव्हा उन्हाळी सुट्टी असते. लिंगायतांचे बसवण्णा आणि त्यांचं कायक (श्रम हीच पूजा) शिकवायचं तर परीक्षेआधी उरका. त्यांचं वचन, म्हणजे छोटी कविता, मूळ कन्नडमध्येच वाचून दाखवा आणि अर्थ मराठीत सांगा. कन्नडच्या गुरुजींना सोबत घेतलंत तर उत्तम.

सहल काढायची तर खानापूरहून हलशी जवळ, भूवराह नरसिंहाचं मंदिर आणि जैन बस्ती (जैन मंदिर) एकाच गावात. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, नेमिनाथांची. छतातलं दगडी कमळ पोरांना उताणं झोपून बघू दे. चामड्याचा पट्टा आत चालेल का, हे आधी विचारून ठेवा.

या तासाला गुण देऊ नका. आणि फळ्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा तर चारही रकाने भरल्यावरच. अर्धवट फळा फिरला की संध्याकाळी फोन सुरू होतात.