एसएमपीएसवर हात आखडता घेऊ नका

स्वतःच्या हाताने पहिला गेमिंग पीसी जुळवायचा आणि बजेट मात्र ठरलेलं, अशा वाचकांची पाच पत्रं या वेळी घेतली आहेत.

कळव्याहून अकरावीतला एक विद्यार्थी लिहितो: मॉनिटर धरून बजेट ६५ हजार आहे. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात कोटेशन मिळालं. त्यात आय ७ प्रोसेसर, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीची एक रॅम आणि कॅबिनेटसोबत ५०० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) फुकट आहे. घेऊ का?

घेऊ नकोस. पैसे भलत्या ठिकाणी गेलेत. गेममधलं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं, प्रोसेसर त्याला काम पुरवतो. ४ जीबीच्या कार्डाशेजारी आय ७ बसवलास तर तो बहुतेक गेममध्ये कार्डाची वाट बघत राहील.

यादी उलट्या बाजूने कर. आधी मॉनिटर आणि गेम ठरव. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक असे गेम खेळणार असशील तर २४ इंची, फुल एचडी, १४४ किंवा १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर घे. हा आकडा म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते. मोठे गोष्टीचे गेम खेळायचे असतील तर १०० हर्ट्‌झही पुरतात, पण कार्डाला ८ जीबी मेमरी हवीच. त्यानंतर कार्ड ठरव आणि एकूण पैशांचा तिसरा हिस्सा तरी त्याच्यासाठी राखून ठेव. फुल एचडीला आरएक्स ६६०० हे कार्ड अजूनही छान चालतं, आणि १३२ वॉटचं असल्याने बाकीच्या यादीवर त्याचा भार पडत नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा आय ५ १२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे आहेत. दुकानात जो स्वस्त पडेल तो घे.

१६ जीबीची एक रॅम घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घे. दोन पट्ट्यांमधून प्रोसेसर एकाच वेळी वाचतो आणि त्याचा फरक गेममध्ये दिसतो. चार खाचांच्या मदरबोर्डावर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नकोस, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. २०२५ च्या शेवटापासून डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव खूप चढले आहेत. त्यामुळे जुनं कोटेशन धरून जाऊ नकोस, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून भाव विचार.

आता त्या फुकटच्या एसएमपीएसबद्दल. दुकानात तो हातात घे, आणि दुसऱ्या हातात चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा घे. वजनातला फरक तुला लगेच कळेल. मग स्टिकर वाच. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात, म्हणून तिथे किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि १२ ने गुणायचं. मी पाहिलेल्या अशाच एका '५०० वॉट'च्या डब्यावर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर छापले होते. म्हणजे हाती आले २१६ वॉट. त्याला कार्डासाठीची ८ पिनची वायरही नव्हती, दुकानदाराने जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीवरून कन्व्हर्टर जोडून दिला होता. चार महिन्यांनी तो कन्व्हर्टर वितळला. ज्या मुलाचा पीसी होता तो सुदैवाने घरात होता आणि त्याने वास येताच बटण बंद केलं. पाच वर्षांची वॉरंटी असलेला, ८० प्लस ब्रॉन्झचा, ५५० वॉटचा एसएमपीएस घे. ब्रॉन्झ म्हणजे विजेची बचत, मजबुतीची हमी नव्हे, म्हणून वॉरंटीची वर्षंही बघायची. पैसे कमी पडले तर एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घे, कॅबिनेट साधं घे, रंगीत दिव्यांचे पंखे सोड. एसएमपीएस मात्र कापायचा नाही.

लॅमिंग्टन रोडला जायचं तर ठाण्याहून दादर आणि तिथून स्लो गाडीने ग्रँट रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मॉनिटरचा खोका घेऊन संध्याकाळी सहाच्या गर्दीत परत येऊ नकोस. दुपारीच निघ, किंवा मॉनिटर ठाण्यातच घे.

घणसोलीहून एक वडील विचारतात: मुलाला गेमिंग पीसी हवाय. सगळे पैसे एकदम काढणं जमणार नाही. ग्राफिक्स कार्ड सहा महिन्यांनी घेतलं तर चालेल का?

चालेल, पण प्रोसेसर आजच तसा निवडावा लागेल. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, आणि रायझन ५ ५६०० मध्येही नाही. कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. तुमच्यासाठी रायझन ५ ५६००जी बरा. त्यातल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंटसारखे हलके गेम खेळता येतात, शिवाय अभ्यास आणि कोडिंग होतंच. थोडे जास्त पैसे आजच घालता आले तर रायझन ५ ८६००जी घ्या. तो एएम ५ या सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, बसतो. हे सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि त्यावर २०२७ आणि पुढेही नवे प्रोसेसर देऊ असं रायझन बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणजे चार वर्षांनी बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. अडचण एवढीच की त्याला डीडीआर ५ रॅम लागते, आणि सध्या खरा खर्च तिथेच आहे.

दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी एसएमपीएस आजच पुढच्या कार्डाच्या हिशोबाने घ्या. सहा महिन्यांनी तो बदलायचा म्हणजे सगळ्या वायरी उपसून पुन्हा लावायच्या, आणि जुन्याला कुणी पैसे देत नाही.

कोपरखैरणेहून: ओळखीतला एक जण जुनं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड अगदी स्वस्तात देतोय. मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो चलन कमावायला, वापरलेलं असेल अशी भीती वाटते.

असेल. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं आणि तेव्हापासून अशी कार्डं बाजारात फिरताहेत. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. हे कार्ड २०१७ चं आहे, आणि ५८० च्याच नावाखाली २०४८एसपी हा कमी ताकदीचा प्रकारही विकला जातो. तो आतून जवळपास त्याहून खालचं आरएक्स ५७० आहे. पैसे द्यायच्या आधी कार्ड पीसीवर लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. शेडर्स (कार्डातले चित्र काढणारे छोटे भाग) २३०४ दिसले तर ते खरं ५८०. मग एखादा जड गेम अर्धा तास चालवून बघा. पडद्यावर ठिपके आले, पंखा खरखरला तर सोडून द्या. वॉरंटी शिल्लक असलेलं, पक्क्या बिलाचं जुनं आरएक्स ६६०० मिळालं तर ते थोडं महाग पडलं तरी घ्या.

नौपाड्यातून: आमची इमारत जुनी आहे. नवा पीसी जुळवला, उत्तम चालतो, पण अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुधा नाही. तुमच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाला अर्थिंग नसावं. या पत्राला मी मुद्दाम सविस्तर उत्तर देतोय, कारण ठाण्यातल्या जुन्या इमारतींत ही तक्रार मी वारंवार ऐकतो आणि लोक उगाच एसएमपीएस बदलून आणतात.

एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. विजेतला गोंगाट अर्थिंगमध्ये सोडणं हे त्यांचं काम. अर्थिंग नसेल तर तो पत्रा दोघांच्या मधे लोंबकळतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण टेस्टर लावला तर दिवा लागतो. धोका पुढे आहे. उद्या आत खरंच फेज पत्र्याला टेकला तर तो जायला वाट नाही, ती वाट तुमचा हात होईल.

इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मल्टीमीटरने समोर मोजून घ्या. फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे वायर आहे असं धरून चालू नका. आणि एक गोष्ट कुणी सुचवली तरी करू देऊ नका, ती म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तुकड्याने जोडून देणं. झिणझिण्या थांबतात खऱ्या, पण कुठे न्यूट्रल तुटला तर अख्ख्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. मीटरपासून अर्थची स्वतंत्र वायर ओढून घ्या. सोसायटीचं मूळ अर्थिंगच गेलं असेल तर विषय कमिटीपुढे न्या, कारण वॉशिंग मशीन आणि गिझर तर सगळ्यांकडेच आहेत. तोवर पायात चपला घाला आणि पीसी चालू असताना मॉनिटरची एचडीएमआय केबल काढ-घाल करू नका.

पावसाळ्यात वीज ये-जा करते म्हणून यूपीएस घेणार असाल तर डब्यावरच्या व्हीएच्या आकड्याला भुलू नका, तो वॉटचा आकडा नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. मध्यम कार्ड आणि मॉनिटर असेल तर १००० व्हीएचा घ्या. त्यावर गेम पुरा होणार नाही, पण सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळेल.

ऐरोलीहून बारावीतली एक मुलगी: सगळं स्वतः जुळवलं, पहिल्याच दमात चालू झालं! पण १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर जुन्या ६० च्यासारखाच वाटतो. मॉनिटर परत करू?

आधी शाबास! परत करू नकोस. पीसीच्या मागे बघ, मॉनिटरची केबल वर मदरबोर्डाला लावली आहेस की खाली कार्डाला? ती कार्डाला हवी, आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टची. मग विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा. तिथे बहुतेक ६० च लिहिलेलं असेल, ते १६५ कर. नंतर माउस पडद्यावर गोल फिरवून बघ.