गावाला डांबरी रस्ता झाला की गरिबी खरंच कमी होते का?

मी परभणी जिल्ह्यातला, आमचं गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत. डांबरी होऊन बारा-तेरा वर्षं झाली, त्यामुळं बघितलंय तेच सांगतो.

आमची काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, नुसता मुरूम टाकला तर दोन पावसांत गायब. तेव्हा चार महिने मोटारसायकल फाट्यावर कुणाच्या तरी दारात लावायची अन् चप्पल हातात घेऊन घरी यायचं, अडलेली बाई बाजेवर टाकून न्यायची. ते संपलं, ह्यात वादच नाही.

पण पैसा शेतीतून वाढला का, तर नाही. वाढला तो पोरं रोज परभणीला गवंडीकाम, गॅरेज, दुकानात जायला लागली त्यातून, अन् पोरींची शाळा सातवीला सुटायची ती आता पुढं चालू राहते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना 2000 ची, लोकसंख्येच्या अटीवर गावं घेतली, अन् ॲशर-नोवोसाद नावाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी त्या आकड्याच्या जरा वरची अन् जरा खालची गावं ताडून बघितली. 2020 ला पेपर आला त्यात पण हेच, लोक शेतीतून मजुरीकडं वळले, पीकपाणी अन् घरातल्या वस्तूंत फार फरक नाही. इथिओपियात मात्र बारमाही रस्त्यानं गरिबी बऱ्यापैकी घटल्याचं 15 गावांच्या अभ्यासात निघालंय, म्हणजे सगळीकडं एकच हिशोब नाही.

ज्यांना जमीनच नाही त्यांचं वेगळंच. तांड्यावरचे लोक आधी ऊसतोडीला जाताना फाट्यापर्यंत बोचकी घेऊन चालत यायचे, आता मुकादमाची गाडी दारात येते. पण मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घ्यायची ती घ्यावीच लागते.

अन् शेतीला फायदा का नाही म्हणाल तर रस्ता गावापर्यंत आलाय, शेत अजून दीड किलोमीटर पांदणीत, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेत. सोयाबीन काढायला अन् परतीचा पाऊस यायला एकच गाठ पडते, ट्रॅक्टर रुतला की माल भिजतो, मग मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कोण नेतो, गावातल्याच काट्यावर व्यापारी म्हणेल त्या भावात द्यायचा. शेतरस्त्यांसाठी 2021 ला मातोश्री पाणंद योजना आली खरी, पण आमच्या पांदणीत दोघा भावांनी धुरा (बांध) कोरत कोरत बैलगाडीपुरती पण वाट ठेवली नाही, सहा वर्षं झाली तहसीलला तारखा चालू आहेत अन् आम्ही बाकीचे दहा-बाराजण डोक्यावर पोती वाहतोय.