वाचकांचे प्रश्न : उंच इमारतींचा शेवट कसा होतो?

प्रश्न : नोएडातील जुळे मनोरे 2022 मध्ये स्फोटाने काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. आयुष्य संपल्यावर सगळ्याच गगनचुंबी इमारती अशाच पाडाव्या लागतात का? आणि त्यांचे आयुष्य किती असते?

उत्तर : नोएडाचे मनोरे जुने झाले म्हणून नव्हे, तर बेकायदा ठरल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडले गेले. शेजारच्या इमारती अगदी जवळ असल्याने त्यासाठी हजारो रहिवाशांना घरे सोडून बाहेर थांबावे लागले होते. स्फोटाचे दृश्य लक्षात राहते, परंतु उंच इमारतींसाठी ही पद्धत अपवादानेच वापरली जाते. दाट वस्तीत, जिथे जमिनीखाली भुयारी रेल्वे आणि जलवाहिन्या असतात, तिथे इमारत माथ्याकडून एकेक मजला करीत उतरवणेच श्रेयस्कर ठरते.

प्रथम वीज, गॅस आणि पाण्याच्या जोडण्या तोडल्या जातात व ॲस्बेस्टॉससारखे घातक पदार्थ बंदिस्त जागेत वेगळे काढले जातात. त्यानंतर क्रेनने लहान खोदयंत्रे गच्चीवर चढवतात. हे यंत्र ज्या स्लॅबवर उभे असते तोच त्याला फोडायचा असतो, म्हणून खालच्या मजल्यांना आधी टेकू द्यावे लागतात. बाहेरच्या भिंती आतल्या बाजूला ओढून पाडतात, जेणेकरून एक वीटही रस्त्यावर पडू नये, आणि राडारोडा लिफ्टच्या रिकाम्या विहिरीतून खाली सोडतात. या कामात घाई म्हणजे थेट जीवाशी खेळ असतो.

टोकियोतील आकासाका प्रिन्स हॉटेलची 40 मजली इमारत 2012-13 मध्ये ज्या पद्धतीने उतरवली गेली, ती मला सर्वांत विलक्षण वाटते. तिथे छप्पर झाकणासारखे तसेच ठेवून त्याखाली तोडकाम केले गेले आणि मजले रिकामे होतील तसे ते छप्पर जॅकच्या साहाय्याने खाली आणले गेले. धूळ आणि आवाज आतच कोंडले गेले. बाहेरून पाहणाऱ्याला इमारत दिवसेंदिवस बुटकी होताना दिसत होती. एवढेच नव्हे, तर क्रेनने खाली येणाऱ्या वजनापासून वीजही निर्माण केली गेली.

आयुष्याविषयी सांगायचे तर, चांगली देखभाल असलेला पोलादी सांगाडा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकू शकतो. उंच इमारती बहुधा अशक्त होऊन नव्हे, तर जमिनीची किंमत वाढल्याने किंवा आतली रचना कालबाह्य झाल्याने जातात. न्यूयॉर्कची सिंगर इमारत 1908 मध्ये जगातील सर्वांत उंच होती. ती साठ वर्षांतच पाडली गेली. त्याच शहरातील 270 पार्क ॲव्हेन्यू या 52 मजली इमारतीचे ऊर्जाबचतीसाठी मोठे नूतनीकरण झाले होते, तरीही 2019 पासून ती उतरवण्यात आली.

पाडलेल्या इमारतीतील पोलाद भट्टीत वितळवून पुन्हा वापरता येते. काँक्रीटचा मात्र बहुतांशी चुरा होतो आणि तो रस्त्याच्या भरावात जातो. ते तयार करताना खर्ची पडलेली ऊर्जा कायमची वाया जाते. म्हणूनच सिडनीतील क्वे क्वार्टर टॉवरचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिथे 1976 च्या मनोऱ्याचे सुमारे दोन तृतीयांश खांब, तुळया आणि स्लॅब जागच्या जागी राखून 2022 मध्ये त्याभोवती अधिक मोठी इमारत पूर्ण करण्यात आली.