डोळ्यापुढे विजा चमकल्या, तर विसर्जनापर्यंत थांबायचं नाही
(वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरं)

प्रश्न : माझं वय ५६. शाळेत असल्यापासून जाड चश्मा, दोन्ही डोळ्यांना उणे नऊच्या आसपास नंबर. गणपतीच्या आदल्या रात्री मखराचं आवरताना डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. दिवा घालवला तरी चमकतच होतं. आज सकाळपासून त्याच डोळ्यापुढे काजळीचे कण उडाल्यासारखे ठिपके दिसतात आणि एक जाळं इकडून तिकडे तरंगतं. दुखत नाही, लाल नाही, वाचताही येतं. मेडिकलवाल्याने थेंब दिलेत, ते घालते आहे. घर पाहुण्यांनी भरलंय आणि मोदकांचं सगळं माझ्याकडे. गौरीविसर्जनानंतर दाखवलं तर चालेल का? (एक वाचक, देवरुख)

उत्तर : ताई, तुम्हाला मी त्याच संध्याकाळी फोन केला, त्यामुळे तुमचं उत्तर तुम्हाला केव्हाच मिळालं आहे. एरवी या सदराचे प्रश्न महिनाअखेरीला गठ्ठ्याने माझ्याकडे येतात. तुमचा व्हॉट्सॲपवरचा निरोप मात्र कार्यालयातल्या मुलीने वाचल्या वाचल्या पुढे पाठवला, वर लिहिलं, "मॅडम, हे थांबण्यातलं वाटत नाही." बरोबर ओळखलं तिने. आता जे लिहिते आहे ते तुमच्या परवानगीने, बाकीच्यांसाठी.

नाही चालणार. अशा डोळ्याची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मोदक कोणीतरी करेल.

डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक गर असतो. पन्नाशीनंतर तो पातळ होत जातो आणि एक दिवस मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून, सुटतो. जाड उणे नंबरवाल्यांचा लवकर सुटतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचाही. सुटताना तो पडद्याला ओढ देतो. पडद्याला प्रकाशाखेरीज दुसरी भाषा येत नाही, म्हणून ती ओढ आपल्याला वीज म्हणून दिसते, अंधाऱ्या खोलीतसुद्धा. बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं. काही आठवडे जाळं तरंगतं, मग सवय होते. पण अशी नवी लक्षणं घेऊन येणाऱ्यांपैकी १० ते १५ टक्के लोकांच्या पडद्याला त्या ओढीने फाट पडलेली असते. फाटीतून पातळ झालेला गर पडद्यामागे शिरतो आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटू लागतो. मग कडेकडून काळी सावली येते. ही सावली येण्याआधी फाट सापडली, तर लेझरने तिच्याभोवती डाग देऊन ती जागच्या जागी बंद करता येते. थेंबांनी डोळा बधिर करतात, खुर्चीत बसूनच काम होतं, संध्याकाळी माणूस घरी. सावली आल्यानंतर तोच पेशंट ऑपरेशन थिएटरात जातो.

"दुखत नाही" हे तुम्ही जरा निश्चिंतपणे लिहिलंत, आणि माझ्याकडे उशिरा येणारे जवळपास सगळेच हे वाक्य म्हणतात. पडद्याला वेदना कळतच नाही. तो पुरता सुटला तरी डोळा पांढराशुभ्र आणि शांत असतो. कुसळ गेलं तर माणूस रात्री अकराला दार ठोठावतो. पडदा सुटत असताना मात्र आठ दिवस बिनघोर हिंडतो.

वाचता येतं, याचाही आधार धरू नका. फाट बहुधा पडद्याच्या कडेला असते आणि वाचायचं काम मधल्या भागाचं, मॅक्युलाचं. फाट असलेले लोक तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतात. म्हणून चश्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नंबर काढून "डोळे ठीक आहेत" असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. गावात पुढच्या महिन्यात होणारं शिबिरही यासाठी नव्हे, ते बहुधा मोतीबिंदूचं असतं. थेंब टाकून बाहुली मोठी करायची आणि डोक्यावर दिवा लावलेल्या डॉक्टरने हातात भिंग धरून पडद्याच्या कडा चहूबाजूंनी तपासायच्या, याला दुसरा पर्याय नाही. आत रक्त उतरलं असेल तर पडदा दिसत नाही, तेव्हा सोनोग्राफी करतात. थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, उजेड सोसत नाही. जाताना कोणाला तरी सोबत न्या, काळा चश्मा न्या, स्वतः गाडी चालवू नका.

आता दवाखान्यात फोन करताना काय बोलायचं ते. "डोळ्याला जरा त्रास आहे, नंबर मिळेल का" असं विचारलंत तर पुढच्या गुरुवारची वेळ मिळते, आणि त्यात काउंटरवरच्या मुलीचा दोष नाही. तिला सरळ सांगा: "कालपासून एका डोळ्यापुढे विजा चमकतात, अचानक काळे ठिपके वाढलेत, चश्म्याचा नंबर उणे नऊ आहे, पडदा आजच तपासून हवाय." सावली असेल तर ती कुठून येते आहे तेही सांगा. त्यासाठी एक डोळा तळहाताने झाकायचा, दुसऱ्याने समोरच्या दाराची चौकट बघायची. नजर न हलवता चारही कोपरे दिसतात का बघायचं, मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं सगळं झाकून घेतो.

मेडिकलवाल्याच्या थेंबांनी पडद्याचं काहीही होत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या बाटलीत स्टेरॉइड आहे. ते नजरेखाली न ठेवता घालत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढतो, हे वेगळं दुखणं विकत घेणं झालं. बंद करा.

देवरुखच्या ताई दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीला गेल्या. वरच्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची फाट निघाली, भोवती जेमतेम पाणी शिरलेलं. लेझर झालं. ते डाग घट्ट धरायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ओझं उचलणं आणि धक्के खाणारा प्रवास टाळायला सांगितला आहे. दुसऱ्या डोळ्याच्या कडाही तपासून घेतल्या, कारण जाड नंबरवाल्यांच्या पडद्यात पातळ झालेल्या जागा बऱ्याचदा दोन्हीकडे असतात. ज्यांच्या तपासणीत काहीच निघत नाही त्यांनीही महिना-दीड महिन्याने पुन्हा दाखवायचं असतं. गर पूर्ण सुटेपर्यंत नवी फाट पडू शकते.

ज्यांच्या डोळ्यात सावली आलीच आहे त्यांच्यासाठी थोडं. मधला भाग अजून चिकटलेला असेल तर ऑपरेशन शक्यतो २४ तासांत करतात. तो सुटला असेल तर घाई तासांची राहत नाही, दिवसांची राहते. पण तेवढी असतेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पडदा सुटला म्हणजे डोळा गेला असंच होतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या ज्यूल्स गोनिन या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं, की खरी गोष्ट ती फाट आहे, ती बंद केली तर पडदा बसतो. आज दहापैकी आठ-नऊ जणांचा पडदा पहिल्याच ऑपरेशनला बसतो. नजर किती परत येते हे मात्र तुम्ही किती लवकर आलात त्यावर ठरतं.

ऑपरेशनमध्ये डोळ्यात बरेचदा गॅसचा फुगा सोडतात. फाटीच्या जागेप्रमाणे काही दिवस मान खाली घालून किंवा एका कुशीवर झोपायला सांगतात. कंटाळवाणं आहे, पण निम्मं काम ते करतं. गॅस प्रकाराप्रमाणे दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत राहतो. तोवर विमान पूर्ण बंद, कारण वर हवेचा दाब कमी झाला की फुगा प्रसरण पावतो आणि डोळ्याचा दाब भयंकर वाढतो. आपल्याकडे घाट असतात म्हणून मुद्दाम सांगते, कोकणातून वर चढायचं असेल तर आधी सर्जनला विचारा. त्या काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर डोळ्यात गॅस आहे हे भूलतज्ज्ञाला पहिल्या वाक्यात सांगा. भुलेतल्या नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगा वाढतो.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. परवा पेपर वाचताना उजव्या डोळ्यापुढे वरून पडदा पडल्यासारखा अंधार झाला. पाच-सात मिनिटांनी सगळं पूर्ववत. ते म्हणतात उन्हातून आलो म्हणून झालं असेल. आता काहीच तक्रार नाही, तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायची गरज आहे का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : दादा, आधी फिजिशियनकडे न्या, आणि आजच. आता सगळं पूर्ववत आहे म्हणूनच नेण्याची वेळ आहे. असा काही मिनिटांचा अंधार बहुधा मानेच्या शिरेतून किंवा हृदयातून सुटलेल्या बारीक गुठळीमुळे येतो. ती डोळ्याच्या रक्तवाहिनीत अडकते आणि पुढे सरकते. पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते, आणि पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो. मानेच्या शिरांचा डॉप्लर, ईसीजी, बीपी, साखर आणि बहुधा मेंदूचा एमआरआय एवढं होईल. डोळ्याचा पडदा त्यानंतर बघू.

तोच अंधार पुन्हा आला आणि गेला नाही, किंवा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडं बोलू लागले, तर १०८ला फोन करा आणि जिथे पक्षाघातावर उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयातच न्या. सुरू कधी झालं ती वेळ घड्याळ बघून कागदावर लिहा, तिथे पहिला प्रश्न तोच विचारतील. रक्त थांबलं तर डोळ्याच्या पडद्याच्या पेशी काही तासच तग धरतात. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवायची आपल्याकडे फार हौस आहे. ते करू नका, बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचं आणखी नुकसान होतं. ॲस्पिरिनही मनाने देऊ नका; आत रक्तस्राव नाही हे स्कॅनने कळल्यावर डॉक्टर देतील.

आणखी एक विचारा त्यांना: कानशिलं दुखतात का, भाकरी चावताना जबडा भरून येतो का. हो म्हणाले तर तेही फिजिशियनना सांगा. उतारवयात रक्तवाहिन्यांच्या सुजेचा एक आजार असतो, आपल्याकडे क्वचितच दिसतो, पण त्यात स्टेरॉइड वेळेत सुरू केलं नाही तर दुसरा डोळाही जातो.

प्रश्न : आईला (वय ६२, अधिक नंबरचा चश्मा) रात्री एकाएकी डावा डोळा आणि अर्धं डोकं प्रचंड दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. बल्बभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली. पित्त समजून ॲसिडिटीची गोळी दिली. सकाळी थोडं बरं वाटलं. आधी दोन दिवस सर्दीचं औषध चालू होतं. पित्तच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पित्ताने बल्बभोवती इंद्रधनुष्य दिसत नाही. हा अचानक दाब वाढणारा काचबिंदू असण्याची दाट शक्यता आहे. अधिक नंबर, साठीची बाई, सर्दीचं औषध, रात्रीची वेळ, सगळं जुळतं. काही सर्दीच्या आणि गाडी लागण्यावरच्या गोळ्यांनी बाहुली मोठी होते आणि डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याची आधीच अरुंद असलेली वाट बंद पडते. बरं वाटलं असलं तरी आजच न्या, डोळ्याचा दाब मोजून घ्या. दाब उतरवायला थेंब, गोळ्या, गरज पडली तर शिरेतून औषध देतात आणि नंतर लेझरने बुबुळाच्या रंगीत भागाला बारीक छिद्र पाडतात. ते दुसऱ्या डोळ्यालाही करून घ्या, त्याची ठेवण तशीच असते. आईला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर गोळी घेण्याआधी सांगा. सर्दीच्या औषधाची बाटली सोबत न्या.