आठवी-नववीच्या मुलांना अंतराळ-हवामानाचा अंदाज वर्तवायला शिकवता येईल का? साहित्य काय लागेल?

येईल की. अंतराळ-हवामान म्हणजे सूर्यावरच्या उलथापालथीचा पृथ्वीभोवती होणारा परिणाम. साहित्य म्हणाल तर वही, पेन्सिल आणि घरातल्या कुणाचा तरी मोबाइल. ‘नोआ’ या अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेचा रोजचा अंदाज फुकट मिळतो, मुलांनी आपल्या अंदाजाचा आकडा लिहिल्याशिवाय तो उघडायचा नाही, बस.

मी इंदुरात नववीला विज्ञान शिकवायचो. ९ ऑक्टोबर २०२४ला सकाळी साडेसातच्या सुमारास सूर्यावर मोठी ज्वाला उसळली आणि द्रव्याचा लोट आपल्या दिशेने निघाला. वेग सेकंदाला साधारण १,३०० किलोमीटर. पोरांनी फळ्यावर सूर्य-पृथ्वी अंतराला, म्हणजे १५ कोटी किलोमीटरना, १,३००ने भागलं: ३२ तास. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीन. मी मुद्दाम गप्प बसलो.

साडेतीन वाजून गेले, काही नाही. लोट पोचला रात्री पावणेनऊच्या सुमारास, तेव्हा आमची निम्मी पोरं गरब्यात होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातलं वादळ जी-४ पर्यंत (पाचपैकी चौथी पायरी) चढलं, लडाखात हानले इथे ध्रुवीय प्रकाशाने आकाश लाल झालं. इंदुरात अर्थातच काही दिसलं नाही.

स्टाफरूममध्ये उपमुख्याध्यापक म्हणाले, “काय सर, पाच तास चुकलात. यापेक्षा उज्जैनचा ज्योतिषी बरा!” सगळे हसले. मला ते अजून खुपतं.

कारण दसऱ्यानंतर वर्गात एका मुलीने विचारलं, “सर, लोट वाटेत हळू झाला असेल का?” झालाच होता. पुढे सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणारा कणांचा झोत, सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास रेंगाळत असतो, वेगवान लोट त्यात घासत जातो. हे मी शिकवलं नव्हतं. पाच तासांच्या फरकाने तिला शिकवलं. भविष्य सांगणारा वेळ आधी लिहून देतो का? दिली तरी चुकल्यावर वही काढून बसतो का? हे त्या दिवशी सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय. (पंचांगातलं ग्रहणाचं गणित चोख असतं, त्याबद्दल तक्रार नाही.)

हो, राहिलंच. सौरडाग दाखवायचे तर दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडा, डोळा लावू देऊ नका. आणि बरेच दिवस काहीच घडत नाही, पोरं कंटाळतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

परवानगीच्या अर्जात मात्र ‘भाकीत’ हा शब्द घालू नका. ‘वेग, अंतर, वेळ यांचे उपयोजन’ असं लिहा, सही लगेच होते.